आधी प्रत, मग पेचकस

घरातला नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली साठवणारे यंत्र, बिघडेपर्यंत बहुतेकांच्या लक्षातही नसतो. राउटरच्या शेजारी किंवा टीव्हीच्या मागे एक काळी पेटी, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे पंखा आणि लॅनची एक वायर. २०१० ते २०१५ च्या सुमारास ज्यांनी हौसेने सिनॉलॉजी, क्यूनॅप, नेटगिअर किंवा वेस्टर्न डिजिटलची अशी पेटी घेतली, त्यांचे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यापासूनचे फोटो, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले व्हिडिओ, खरेदीखताचे आणि सातबाराचे स्कॅन, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सगळे तिच्यात आहे. ती वर्षाचे ८,७६० तास चालू असते. सुट्टी घेतली तर फक्त वीज गेल्यावर.

दहा वर्षे झालेल्या अशा पेटीत तीन म्हातारपणे एकत्र नांदत असतात. अडॅप्टर, पंखा आणि मदरबोर्ड यांचे एक, फिरणाऱ्या डिस्कचे दुसरे, सॉफ्टवेअरचे तिसरे. पहिले बहुधा थोडक्या पैशांत दुरुस्त होते. दुसऱ्यावर इलाज म्हणजे वेळेवर बदली. तिसऱ्याला औषध नाही, पथ्य आहे. नुकसान होते ते एकाचा इलाज दुसऱ्यावर केल्यामुळे. अडॅप्टर थकलेला असतो आणि लोक डिस्क बदलत बसतात. डिस्क अखेरच्या घटका मोजत असते आणि लोक रिसेटचे बटण दाबतात.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पेचकसाने करायची नाही. दिवा लाल झाला, बीप वाजू लागला, तरी पेटी चालू असेल आणि फाइली उघडत असतील, तर ती बंद-चालू करून बघायचा मोह टाळा. फिरत असलेली जुनी डिस्क बऱ्याचदा फिरत राहते. थांबलेली पुन्हा सुरू करताना मोटरला सर्वात जास्त करंट लागतो आणि थकलेला अडॅप्टर नेमका तेव्हाच मान टाकतो. यूएसबी हार्ड डिस्क आणा आणि प्रत काढायला घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, म्हणजे फोटो, कागदपत्रे, आवाज. सिनेमे सर्वात शेवटी, किंवा राहिले तरी चालतील.

प्रत हातात आल्यावर पेटी रीतसर बंद करा, समोरचा फोटो काढा आणि प्रत्येक डिस्कवर मार्करने तिच्या खणाचा क्रमांक लिहा. यापुढे कोणत्याही पडद्यावर ‘इनिशिअलाइज’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘न्यू इन्स्टॉल’ असे शब्द दिसले की हात मागे घ्यायचा. नॅसमधली डिस्क काढून थेट विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली, तर विंडोज हमखास विचारते की ही डिस्क फॉरमॅट करायची का. तिच्यावरची लिनक्सची रचना विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क रिकामी नसते. त्या एका ‘हो’मुळे धडधाकट डिस्कवरचा संसार गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

रेड काय वाचवते आणि काय नाही

‘पण माझ्याकडे रेड आहे, मग प्रत कशाला?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नॅसधारक विचारतो. रेडची कल्पना १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. त्या काळच्या एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक छोट्या डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांतली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचे नाही, असा तो विचार होता.

चार डिस्कच्या पेटीत हे कसे चालते ते एका बिटपुरते पाहू. पहिल्या तीन डिस्कवर १, ० आणि १ लिहिले आहे. चौथीवर असा बिट लिहायचा की चारही मिळून १ ची संख्या सम व्हावी. इथे १ दोनदा आला आहे, म्हणजे संख्या समच आहे, म्हणून चौथीवर ०. आता दुसरी डिस्क मेली. उरले १, काहीतरी, १ आणि ०. संख्या सम राहायची तर त्या रिकाम्या जागी ० च असला पाहिजे. मेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक बिट असा उरलेल्या तिघींना विचारून परत लिहिता येतो. प्रत्यक्षात हा जादा बिट एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर वाटलेला असतो, पण हिशेब हाच. यालाच रेड-५ म्हणतात.

या हिशेबाची सुंदरता मला आजही मोहवते. पण तो डिस्क मरण्यापुरताच आहे. चुकून पुसलेली फाइल तो तितक्याच इमानाने सर्व डिस्कवरून पुसतो. रॅन्समवेअरने कुलूप लावलेली फाइलही तो तितक्याच निष्ठेने सांभाळतो. चोरी, पाणी, आग, विजेचा लोळ यांच्यापुढे चारही डिस्क एकाच पेटीत असतात.

आणि डिस्क बदलल्यावरची फेरबांधणी हा रेड-५ चा सर्वात नाजूक काळ असतो. ४ टीबीच्या चार डिस्क असतील, तर एक नवी बसवल्यावर उरलेल्या तिन्ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. सेकंदाला १०० एमबी असा चांगला वेग धरला तरी किमान अकरा तास. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनातील न सुधारता येणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा १०^१४ बिटांत एक अशी दिलेली असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, म्हणून फेरबांधणी नेहमीच फसते असे नाही. पण तिन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घेतलेल्या आणि सारख्याच दमलेल्या असतात, ही गोष्ट माहितीपत्रकात नसते. ज्या कोपऱ्यातल्या फाइली वर्षानुवर्षे कुणी उघडल्या नाहीत, तिथला खराब भाग नेमका फेरबांधणीच्या वेळी उघडा पडतो. यावर उपाय पेटीतच असतो. ‘डेटा स्क्रबिंग’ किंवा तत्सम नावाची सोय दोन-तीन महिन्यांतून एकदा चालवली, की सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासल्या जातात आणि चूक वेळेत कळते.

वीज, ऊब आणि एक रुपयाचा रेझिस्टर

जुनी पेटी सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन दिवा नुसता लुकलुकत राहतो, तेव्हा पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. साडेतीन इंची डिस्क चालू असताना पाच ते आठ वॅट घेते, पण शून्यापासून वेग घेताना तिला १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत करंट लागू शकतो. चार डिस्क एकदम उठल्या तर आठ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट. म्हणूनच चांगल्या पेट्या डिस्क एकामागून एक उठवतात. अडॅप्टरच्या पोटातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकत जातात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ आडाखा आहे. टीव्हीच्या बंद कपाटात एप्रिल-मे काढणाऱ्या अडॅप्टरचे काय होत असेल, याचा हिशेब त्यावरून मांडता येईल.

या बिघाडाची खोड अशी की नुसता मल्टिमीटर लावला तर अडॅप्टर साळसूदपणे १२ व्होल्ट दाखवतो. भार पडला की तोच १० वर येतो. म्हणून सोपी परीक्षा करायची. सगळ्या डिस्क बाहेर काढून रिकामी पेटी सुरू करा. ती नीट उठली, राउटरच्या यादीत तिचे नाव आले, आणि डिस्क घातल्यावर मात्र मरगळली, तर अडॅप्टर तरी दमला आहे किंवा एखादी डिस्क तरी अडकली आहे. नवा अडॅप्टर घेताना व्होल्टेज तेच हवे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनची रचना व ध्रुवता जुन्यावरून ताडून पाहायची. चार खणांच्या पेट्यांना अनेकदा चार पिनांचा गोल कनेक्टर असतो. दिसायला सारखा पण आतून उलटा जोडलेला अडॅप्टर लावला तर बोर्ड क्षणात जळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना अडॅप्टर हातात घेऊनच जावे, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये.

अडॅप्टर ठीक निघाला तर बोर्डाकडे वळायचे. या संदर्भात इंटेलच्या ॲटम सी२००० या प्रोसेसरची कथा प्रत्येक नॅसधारकाने ऐकली पाहिजे. २०१३ साली बाजारात आलेली ही चिप कमी विजेत चालते म्हणून नॅस, राउटर आणि फायरवॉल बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी उचलली. सिनॉलॉजीच्या डीएस४१५+, डीएस१५१५+ आणि डीएस१८१५+ या लोकप्रिय पेट्यांत तीच होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्को कंपनीने जाहीर केले की आपल्या काही यंत्रांमधला घड्याळी संकेत देणारा एक भाग सुमारे अठरा महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ लागेल आणि यंत्र पुन्हा सुरूच होणार नाही. सिस्कोने पुरवठादाराचे नाव घेतले नाही. पण इंटेलच्या स्वतःच्या दोषयादीत एव्हीआर५४ या क्रमांकाखाली तोच दोष नोंदला गेला होता.

दोष समजायला अवघड नाही. प्रोसेसरमधून एलपीसी नावाच्या एका साध्या मार्गिकेला ठरावीक ठोका मिळत असतो. तो ठोका ज्या सर्किटमधून बाहेर पडतो, ते वापराने कमकुवत होत जाते. संकेताची उंची हळूहळू घटते आणि एके दिवशी ती पुरेशी उरत नाही. मग पेटी बूटच होत नाही. डिस्क ठीक असतात, मेमरी ठीक असते, पंखा फिरतो, आणि पेटी मेलेली.

हौशी दुरुस्तीकारांनी यावर काढलेला तोडगा मोठा देखणा आहे. त्या ठोक्याच्या पिनेपासून ३.३ व्होल्टच्या पिनेपर्यंत १०० ओहमचा एक रेझिस्टर सोल्डर करायचा. आतल्या सर्किटला जो जोर लावता येत नाही, तो बाहेरून मिळतो, संकेत पुन्हा हवी ती उंची गाठतो आणि मेलेली पेटी उठते. रेझिस्टरची किंमत रुपया-दोन रुपये. सिनॉलॉजीने त्या मॉडेलांची वॉरंटी वर्षभर वाढवली, इंटेलने चिपची सुधारित आवृत्ती काढली. वॉरंटी संपलेल्या कितीतरी पेट्या मात्र या रेझिस्टरनेच वाचवल्या. पण हे लक्षात ठेवायला हवे की चिप आतून झिजतच राहते. रेझिस्टरने मुदत वाढते, रोग जात नाही. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे, आपल्या मॉडेलचा पिनांचा नकाशा घेऊन जावे. मिळालेल्या मुदतीचा पहिला उपयोग प्रत काढण्यासाठीच करावा.

पंखा आणि सेल यांचे थोडक्यात सांगतो. पंखा ८० किंवा ९२ मिलिमीटरचा असतो. घेताना आकार, व्होल्टेज आणि कनेक्टरच्या पिना जुळवायच्या. कोकणात आणि गोव्यात दमट धुळीचा चिकट थर पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर बसतो. तो मऊ ब्रशने काढावा, आणि हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. काही बोर्डांवर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की पेटीचे घड्याळ भूतकाळात जाते आणि सुरक्षित जोडण्या नाकारल्या जाऊ लागतात. बिघाड मोठा भासतो, इलाज शंभराच्या नोटेत होतो.

डिस्क बदलताना

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात आणि ती पेटीच्या मेनूत कुठेतरी खोल दडलेली असते. तिथे पंचवीसेक ओळी दिसतील. मी चारच बघतो. क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे संशयित, अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. हे तिन्ही शून्य असावेत. लहानसा आकडा महिनोन्महिने स्थिर असेल तर नजर ठेवावी. आठवड्यागणिक वाढत असेल तर त्या डिस्कवर एक दिवसही भरवसा ठेवू नये. चौथी ओळ १९९, म्हणजे डिस्क आणि पेटी यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका. ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून वायरचा किंवा कनेक्टरचा असतो. डिस्क काढून, कनेक्टर साफ करून, पुन्हा नीट बसवली की आकडा वाढायचा थांबतो. या एका ओळीच्या अज्ञानातून चांगल्या डिस्क भंगारात गेल्या आहेत.

नवी डिस्क निवडताना एक अट सोडू नका. ती लिखाणाचे पट्टे सुटे सुटे ठेवणाऱ्या सीएमआर पद्धतीची असावी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी लिखाणाचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे मधला एक पट्टा बदलायचा तर पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. नुसते साठवून ठेवायला अशी डिस्क ठीक आहे. रेडच्या फेरबांधणीत मात्र तासन् तास अखंड लिहावे लागते आणि तिथे ती इतकी मागे पडते की काही वेळा रेड तिला मेलेली समजून बाहेर काढते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावे लागले की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, आणि हे ग्राहकांना सांगितलेले नव्हते. त्यानंतर सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव देण्यात आले. नॅसचे चित्र असलेले खोके बघून डिस्क घेण्याचे दिवस त्या प्रकरणाने संपवले. आता पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघायचा, मगच पैसे द्यायचे.

जागा वाढवायची असेल तर डिस्क एकेक करून बदलायच्या. एक काढा, मोठी बसवा, फेरबांधणी पूर्ण होऊ द्या, मग दुसरी. दोन डिस्कच्या आरशासारख्या जोडणीत, म्हणजे रेड-१ मध्ये, दोन्ही बदलल्यावरच वाढीव जागा मिळते. यात एक फायदा पदरात पाडून घेण्यासारखा आहे. पहिली काढलेली डिस्क धडधाकट असेल तर ती पुसू नका. त्या दिवसापर्यंतचा तुमचा सगळा डेटा तिच्यावर आहे. तारीख लिहून कपाटात ठेवा.

जुन्या पेटीला किती मोठी डिस्क झेपेल हेही आधी बघावे. ३२ बिटी प्रोसेसरच्या पेट्यांत एका व्हॉल्यूमची मर्यादा १६ टीबी असते, कारण ४ केबीचे तुकडे मोजायला ३२ बिटांचा आकडा त्यापुढे पुरत नाही. यूएसबी डिस्कचे खोके फोडून आतली डिस्क काढून वापरणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. काही नव्या डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते. ही साटा या डिस्क-जोडणीच्या नव्या मानकातली सोय आहे. जुनी पेटी मात्र त्या पिनेवर वीज देतच राहते. डिस्क मेलेली निघाली म्हणून परत करण्याआधी त्या पिनेवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावून बघावी.

आणि पेटीच मेली, डिस्क जिवंत आहेत, तर? घाबरायचे कारण नाही. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या बहुतेक घरगुती पेट्यांच्या पोटात लिनक्स असते आणि रेड बांधणारे साधन तेच, एमडीॲडम. एखाद्या जुन्या डेस्कटॉपला सगळ्या डिस्क जोडून, पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून, एमडीॲडम आणि एलव्हीएम या दोन साधनांनी रेड पुन्हा उभी करता येते. माउंट करताना फक्त वाचण्याच्या परवानगीने करायचे. काही मॉडेलांत, विशेषतः क्यूनॅपच्या काहींत, कंपनीने केलेले फेरफार आड येतात. तिथे त्याच कंपनीची चालू पेटी मिळवणे सोपे. एखादी डिस्क अडखळत वाचत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी चांगला भाग भराभर उतरवून घेते, अडणाऱ्या जागा मागे ठेवते आणि कुठवर पोहोचलो याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येते. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र काहीच करू नका. ती बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या.

थकलेले सॉफ्टवेअर

बोर्ड आणि डिस्क हातांनी बदलता येतात. कंपनीने पाठिंबा काढून घेतलेले सॉफ्टवेअर तसे बदलता येत नाही, आणि ते थकल्याचे बाहेरून दिसतही नाही. वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह ही एका डिस्कची पेटी २०१० साली आली. तिला शेवटचे अद्ययावत फर्मवेअर २०१५ मध्ये मिळाले. पेट्या उत्तम चालत होत्या, म्हणून लोकांनी त्या चालू ठेवल्या आणि इंटरनेटला जोडलेल्याच ठेवल्या. जून २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात जगभरच्या मालकांनी पाहिले तर फोल्डर रिकामे. कोणीतरी दूरवरून त्या पेट्यांना फॅक्टरी रिसेटची आज्ञा दिली होती. तपासात कळले की पासवर्ड विचारणारी तपासणीच त्या रिसेटच्या प्रोग्राममध्ये बंद करून ठेवलेली होती. डिस्कमध्ये काही दोष नव्हता, अडॅप्टरमध्येही नाही. अनेकांची वर्षानुवर्षांची साठवण एका रात्रीत गेली. क्यूनॅपच्या पेट्यांवर एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरचे हल्ले झाले, तेही इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांवरच.

म्हणून माझे मत ठाम आहे. ज्या पेटीला सुरक्षा दुरुस्त्या येणे बंद झाले, तिचा इंटरनेटशी संबंध त्याच दिवशी तोडावा. राउटरमध्ये जाऊन तिच्यासाठी उघडलेले पोर्ट बंद करावेत, पोर्ट आपोआप उघडू देणारे यूपीएनपी बंद करावे, कंपनीची दुरून बघण्याची सोय बंद करावी. घराबाहेरून फाइली हव्याच असतील तर राउटरवरच्या व्हीपीएनमधून याव्यात. पेटी घरात वापरायला हरकत नाही.

नवा लॅपटॉप आणल्यावर जुना नॅस दिसेनासा होतो, ही तक्रारही याच वयाची खूण आहे. जुन्या पेट्या फाइली वाटण्यासाठी एसएमबीची पहिली आवृत्ती वापरत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये ती आपोआप बसवणे मायक्रोसॉफ्टने बंद केले. लॅपटॉपमध्ये ती पुन्हा चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. पेटीच्या सेटिंगमध्ये एसएमबी-२ किंवा ३ आहे का बघा, बऱ्याच पेट्यांत असते आणि नुसते बंद ठेवलेले असते. नसेल, तर त्या पेटीतला डेटा बाहेर काढायची वेळ झाली.

आता अपग्रेडविषयी. मेमरी वाढवण्याची हौस सर्वांना असते आणि तिचा उपयोग सर्वात कमी असतो. नुसते फोटो ठेवायचे आणि सिनेमे बघायचे असतील तर २ जीबी पुरते. पेटीवर आणखी चार सेवा चालवायच्या असतील तरच मेमरी घ्या, आणि घेताना डीडीआर३ आणि कमी व्होल्टेजची डीडीआर३एल यांतला फरक पाहा. एसएसडी लावून घरगुती नॅसला पंख फुटतील ही समजूतही चुकीची आहे. १ गिगाबिटच्या लॅनमधून सेकंदाला साधारण ११० एमबीच्या वर काही जात नाही आणि तेवढे एक साधी डिस्कही देते. पेटी हळू वाटत असेल तर आधी लॅनची वायर आणि राउटरचे पोर्ट बघा. एक वाकलेली पिन १,००० चे १०० करते. खर्च करायचाच असेल तर यूएसबीने पेटीशी बोलणाऱ्या छोट्या यूपीएसवर करा. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाणाऱ्या आपल्या गावांत तो नव्या डिस्कपेक्षा गरजेचा आहे. लिहिता लिहिता वीज गेली की रेड-५ मध्ये डेटा आणि त्याचा जादा बिट यांत विसंगती राहू शकते. इन्व्हर्टर असला तरी हा यूपीएस हवा, कारण बॅटरी संपत आल्याचे इन्व्हर्टर पेटीला सांगू शकत नाही. यूपीएस सांगतो आणि पेटी स्वतःहून नीट बंद होते.

बोर्ड गेला असेल, किंवा सॉफ्टवेअरचा पाठिंबा संपून वर्षे झाली असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. नवी पेटी घेताना डिस्कबाबतच्या अटी वाचा. २०२५ साली सिनॉलॉजीने आपल्या नव्या प्लस मालिकेत स्वतःच्याच यादीतल्या डिस्क वापरण्याचा आग्रह धरला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो सैल केला. हात चालत असेल तर जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही मोफत सॉफ्टवेअर बसवूनही उत्तम नॅस होतो. जुनी पेटी अजून धावत असेल तर तिला भावाच्या किंवा मुलीच्या घरी नेऊन ठेवा, महिन्यातून एकदा लावा, दुसरी प्रत भरून घ्या आणि बंद करा. बंद पेटीवर हल्ला होत नाही. त्या प्रतीतले दोन-चार फोटो उघडूनही बघा. न उघडलेली प्रत आहे असे धरता येत नाही. आणि पेटीचा पासवर्ड, डिस्कचा क्रम, एन्क्रिप्शन असेल तर त्याची किल्ली हे सगळे कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला जागा दाखवून ठेवा.

शेवटी जुन्या डिस्क बाहेर काढाल तेव्हा त्या रद्दीवाल्याकडे तशाच देऊ नका. व्हॉल्यूम डिलीट केल्याने डेटा पुसला जात नाही, फक्त त्याची अनुक्रमणिका जाते. फिरत्या डिस्कवर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये लिहिली की घरगुती कामापुरते पुरेसे होते. जी डिस्क सुरूच होत नाही तिच्या तबकड्या उघडून वाकवाव्यात किंवा त्यांना भोके पाडावीत. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हे सगळे नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यायचे असते.